प्राथमिक शाळेतील मुलांना रोमन जीवनावर आधारित नृत्य कसे शिकवावे?

निळावंती (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी. मी इंग्लंडमधील एका प्राथमिक शाळेत आठ-नऊ वर्षांच्या मुलांना शिकवते. येथील राष्ट्रीय अभ्यासक्रमात सात ते अकरा या वयोगटाच्या इतिहासात रोमन साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवरील परिणाम हा विषय आहे, आणि त्याच वयोगटाच्या शारीरिक शिक्षणात नृत्याचाही समावेश आहे. त्यामुळे अनेक शाळा या दोहोंची सांगड घालतात. मात्र तिचे रूप बहुधा ठरलेले असते: चादरीचे टोगा, पुठ्ठ्याच्या तलवारी, ग्लॅडिएटरांची लुटुपुटीची लढाई आणि चित्रपटात शोभेल असे पार्श्वसंगीत. मुले खूश होतात, छायाचित्रेही छान येतात. पण मुले नृत्य शिकली असे म्हणवत नाही आणि रोमन लोकांविषयी त्यांना नवे काही कळलेलेही नसते.

रोमन लोक नेमकी कोणती पावले टाकून नाचत, याची नोंद आपल्यापर्यंत आलेली नाही. म्हणून आपण 'रोमन नृत्य' शिकवत आहोत असा आव आणू नये, असे माझे मत आहे. त्याऐवजी ती माणसे कशी चालत, काय उचलत, जमिनी कशा सजवत, कशी न्हात, यांतून हालचाल काढावी. वेशभूषेपेक्षा कामधंद्यातून सुरुवात केली, तर इतिहास आणि नृत्य या दोघांनाही न्याय मिळतो.

माझी सुरुवात चालण्यापासून होते. रोमन मैल म्हणजे एक हजार पावले. पण त्यांचे पाऊल दुहेरी होते, म्हणजे डावा पाय टेकल्यापासून पुन्हा डावा पाय टेकेपर्यंतचे अंतर, रोमन मापाने पाच फूट. मुलांना मी सांगते की फक्त डावा पाय मोजा. एवढ्याने वर्गाची चाल बदलते, कारण जी मुले प्रत्येक पावलाला आकडा म्हणत धापा टाकत असतात, ती अचानक संथ आणि लांब चालू लागतात. वेगेटियस या लेखकाने नव्या सैनिकांसाठी उन्हाळ्यातील पाच तासांत वीस मैल अशी साधी चाल सांगितली आहे. ती चाल धावण्याची नसून टिकून राहण्याची आहे, हे मुलांना पायांतूनच समजते.

त्यानंतर गट पाडते. रोमन सैन्यात आठ जण एका तंबूत राहत आणि अशा दहा तंबूंची मिळून ऐंशी जणांची शंभरी होई. (शंभरीत ऐंशीच का, हा प्रश्न हमखास येतो.) तीस मुलांच्या वर्गात आठाचे तीन तंबू होतात आणि सहा मुले उरतात. त्यांतील पाच जणांना सेंच्युरियन (शंभरीचा नायक), त्याचा साहाय्यक, निशाणधारी, कर्णेवाला आणि परवलीचा शब्द पोहोचवणारा अशी कामे मिळतात. सहावे मूल तंबू वाहणारे खेचर होते, आणि वर्गात सर्वाधिक मागणी या खेचराच्या भूमिकेला असते.

दुसरा भाग मोझॅइकचा, म्हणजे रंगीत तुकडे जोडून केलेल्या नक्षीदार फरशीचा. वेस्ट ससेक्समधील फिशबोर्न येथील रोमन प्रासादात डॉल्फिनवर बसलेल्या क्युपिडची प्रसिद्ध फरशी आहे. तिच्या चौकटीत दोन-तीन पट्टे एकमेकांखालून-वरून जाणाऱ्या वेणीची नक्षी आहे. मुले रांगेत उभी राहतात, टोकाचे मूल नागमोडी वळणे घेत रांगेतून जाते, त्याच्यामागून दुसरे निघते, आणि जमिनीवर न दिसणारी वेणी तयार होत जाते. त्याच फरशीत वेलीवर बसलेला एक इवलासा पक्षी आहे. ती कारागिराची खूण असावी असे मानले जाते. म्हणून माझ्या वर्गातील प्रत्येक मूल वेणीतून जाताना स्वतःची एक छोटी हालचाल कोठे तरी लपवून ठेवते आणि बाकीच्यांनी ती ओळखायची असते.

इथवरचे मला जमते. माझे प्रश्न पुढे सुरू होतात. संगीत कोणते घ्यावे? कवायतीचे नृत्य केव्हा होते? आणि गुलामगिरी, रोमन सत्तेविरुद्ध उठलेल्या ब्रिटनमधील बुडिका राणीचे बंड यांसारखा कठीण मजकूर या वयाच्या मुलांसमोर नृत्यातून कसा आणावा? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

---

जुनी नाणी

धागा आवडला. पावलांची नोंद नाही हे खरे असले, तरी नृत्याविषयी रोमन लोकांनी पुष्कळ लिहून ठेवले आहे, आणि त्यातून शिक्षिकेला उपयोगी पडेल असे बरेच मिळते.

पहिली गोष्ट म्हणजे प्रतिष्ठित रोमन पुरुषाने नाचणे हे हलके मानले जाई. इ.स.पू. ६३मध्ये मुरेना याच्यावरील खटल्यात फिर्यादी पक्षाच्या केटोने त्याला 'नाच्या' म्हटले, तेव्हा बचाव करताना सिसेरोने असे सांगितले की शुद्धीवर असलेला माणूस सहसा नाचत नाही, वेड लागले असेल तर गोष्ट वेगळी. वकिली युक्तिवाद म्हणून यातील अतिशयोक्ती सोडून द्यावी. तरीही सगळे रोमन लोक मेजवान्यांत फेर धरून नाचत होते, हे जे चित्र शाळांत रंगवले जाते, ते या वाक्यापुढे टिकत नाही.

मात्र याच समाजात प्रतिष्ठित घराण्यांतील पुरुष देवासाठी नाचत. मार्स या युद्धदेवाचे 'सालिआय' नावाचे पुरोहित मार्च महिन्यात मध्ये खाच असलेल्या जुन्या घाटाच्या ढाली घेऊन, त्यांच्यावर आघात करत, उड्या घेत नगरातून फिरत. एक ढाल आकाशातून पडली आणि ती चोरीला जाऊ नये म्हणून नुमा राजाने तशाच आणखी अकरा घडवून घेतल्या, अशी कथा आहे. त्यांची चाल तीन ठोक्यांची असल्याचे उल्लेख आहेत. त्यांचे गीत इतके जुने होते की पुरोहितांनाही त्याचा अर्थ नीट लागत नसे, असे इ.स. पहिल्या शतकातील क्विंटिलियन म्हणतो. तुमच्या वर्गासाठी हे सोन्यासारखे साहित्य आहे: बारा मुले, बारा ढाली, तीन ठोके, आणि खरी ढाल कोणती हे बाहेरच्याला कळू नये म्हणून सर्वांची हालचाल तंतोतंत सारखी. एकसारखेपणाला येथे गोष्टीतच कारण आहे, त्यामुळे 'नीट जुळवा' असे ओरडावे लागणार नाही.

तिसरा आधार तुमच्याच देशात आहे. सफोकमधील मिल्डनहॉलजवळ १९४२ साली शेत नांगरताना चौथ्या शतकातील चांदीची भांडी सापडली. त्यांतील मोठे तबक सुमारे ६० सेंटिमीटर व्यासाचे आणि आठ किलोंहून जड असून ते ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. मध्यभागी समुद्रदेवतेचा चेहरा आणि बाहेरच्या वर्तुळात बॅकस या मद्यदेवाच्या भोवती नाचणारे स्त्री-पुरुष आहेत. एकीची मान मागे झुकलेली, टाच उचललेली, वस्त्र वाऱ्यावर उडालेले. हे क्षण गोठलेले आहेत. त्याच्या आधीचा आणि नंतरचा क्षण कोणता असेल, हे मुलांनी स्वतः शोधावे. त्याच वर्तुळात झोकांड्या खाणाऱ्या हर्क्युलिसला दोघांनी सावरले आहे. त्याने काय प्याले होते, हे विचारले गेल्यास उत्तर तयार ठेवावे.

---

खडूफळा

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. तुमचे वाचून मला आमचे लेझीम आठवणे साहजिक आहे. रांगा, वळणे, ठेका, शिट्टीवर बदल, सगळे तेच आहे. पण म्हणूनच एक शंका विचारतो. लेझीम हातात असल्यामुळे आमच्या कवायतीला नाद आणि डौल येतो. तुमची मुले रिकाम्या हातांनी डावा पाय मोजत सभागृहात फिरणार असतील, तर ते संचलन झाले. त्याला नृत्य कशाच्या बळावर म्हणायचे? इथे मी टीका करत नाही. आमच्याकडे स्नेहसंमेलनात 'मावळे' बसवताना हाच प्रश्न पडतो आणि शेवटी सगळे पवित्रा घेऊन उभे राहतात, तेवढ्यावर टाळ्या मिळतात.

---

निळावंती

सर, शंका रास्त आहे. इंग्लंडमधील शालेय नृत्यावर रुडॉल्फ लाबान यांच्या विचारांचा मोठा प्रभाव आहे. ते १९३८ साली येथे आले आणि त्यांच्या पद्धतीतून शिक्षकांच्या हाती चार साधे प्रश्न आले. शरीर काय करते, कोठे करते, कशा जोराने व गतीने करते, आणि कोणाच्या संदर्भात करते. संचलनात या चारही प्रश्नांची उत्तरे दुसऱ्या कोणी दिलेली असतात. नृत्यात त्यांपैकी निदान एक उत्तर मुलाने स्वतः निवडलेले असते. माझ्या वर्गात संचलनाचे नृत्य ज्या ठिकाणी होते, ते ठिकाण म्हणजे रोमन सैन्याचा कासवासारखा ढालींचा व्यूह.

पुढच्या रांगेने ढाली समोर धरायच्या आणि आतल्यांनी डोक्यावर, हे मुलांना चित्रांवरून ठाऊक असते. कॅशियस डिओ या इतिहासकाराने लिहिले आहे की हे छत इतके मजबूत असे की त्यावरून माणसेच काय, घोडे आणि गाड्याही नेता येत. (हे वाक्य वाचून दाखवण्यापूर्वी प्रयोग करण्यास सक्त मनाई असल्याचे जाहीर करावे.) मी मुलांच्या हाती ढाली देत नाही. व्यूह तयार होतो तो हातांचा, आणि तो एकदम बंद होत नाही. एका कोपऱ्यातून सुरू होऊन हात एकामागून एक वर जातात. किती सावकाश, कोणत्या क्रमाने, कोणाचा हात शेवटी, हे आठ जणांचा तंबू आपसांत ठरवतो. एका तंबूने बाण लागलेल्या सैनिकाची जागा दोन्ही बाजूंच्या शेजाऱ्यांनी न बोलता कशी भरून काढायची, हे बसवले. ते मी सुचवलेले नव्हते आणि मला सुचलेही नसते.

मावळ्यांच्या बाबतीतही हाच मार्ग चालेल असे वाटते. पवित्रा हा शेवटचा क्षण असतो. गड चढताना हातांनी कपारी कशा शोधल्या, मागच्याला कसे वर ओढून घेतले, यांत नृत्य अधिक सापडेल.

---

घुंगुरवाळा

मी पुण्यात भरतनाट्यम शिकवते. 'जुनी नाणी' यांनी एका प्रकाराचा उल्लेख केला नाही, तो मी करते, कारण आम्हा अभिनय शिकवणाऱ्यांना तो फार जवळचा आहे. रोममध्ये इ.स.पू. २२च्या सुमारास सिलिशियाचा पिलाडीस आणि अलेक्झांड्रियाचा बॅथिलस या दोघांनी मूकनर्तनाचा एक प्रकार लोकप्रिय केला. एकच नर्तक तोंड बंद असलेला मुखवटा घालून कथेतील सर्व पात्रे क्रमाने उभी करी आणि कथा गाणारे गायक वेगळे असत. दुसऱ्या शतकातील ल्युशियन याने नृत्यावर लिहिताना या नर्तकांच्या बोलक्या हातांची वाखाणणी केली आहे. एकाहार्य अभिनयाशी, म्हणजे एकाच नर्तिकेने सर्व पात्रे साकारण्याच्या आमच्या पद्धतीशी, त्याचे साम्य उघड दिसते. मात्र साम्य दिसले म्हणून आपल्या हस्तमुद्रा त्या मुलांना शिकवू नयेत, असे मी आग्रहाने सांगेन. त्या आपल्या ग्रंथांतून आणि गुरूंकडून आलेल्या आहेत. रोमन म्हणून त्या मुलांच्या गळी उतरवल्या, तर दोन्हीकडे अन्याय होतो. घेण्यासारखी आहे ती पात्र बदलण्याची युक्ती. मुलाने पाठ फिरवायची आणि पुन्हा समोर वळेपर्यंत दुसरे पात्र व्हायचे. चेहऱ्यावर मुखवटा असल्यामुळे हसून किंवा डोळे वटारून भागत नाही, सगळे पाठीच्या कण्याला आणि खांद्यांना सांगावे लागते. लाजरी मुले मुखवट्यामागे किती खुलतात, ते करून पाहा.

दुसरी सूचना वजनाविषयी. ढाल न देण्याचा तुमचा निर्णय योग्य आहे, पण रिकाम्या हातात ढाल दिसण्यासाठी आधी ती हातांना माहीत असायला हवी. मी विद्यार्थिनींना पुस्तकांनी भरलेले दप्तर दोन्ही हातांनी छातीसमोर धरून काही वेळ चालायला लावते. काही पावलांतच कोपरे अंगाला चिकटतात, पोट आत जाते, टाच आधी टेकू लागते आणि श्वास ऐकू येऊ लागतो. मग दप्तर काढून घ्यायचे आणि सांगायचे की शरीराला ते गेल्याचे कळू देऊ नका. त्यानंतर जी चाल दिसते, ती पुठ्ठ्याच्या ढालीने कधीच येत नाही, कारण पुठ्ठा हलका असतो आणि मुले प्रामाणिक असतात.

---

माडाची सावली

वेणीच्या नक्षीबद्दल वाचले आणि आम्हा गोंयकारांना राहवेना. आमच्याकडे शिगम्यात गोफ असतो. वर टांगलेल्या रंगीत दोऱ्यांचे एकेक टोक हाती धरून नाचणारे एकमेकांच्या आतून-बाहेरून जातात आणि नाचता नाचता दोऱ्यांची वेणी विणली जाते. गंमत पुढे आहे: मग उलट दिशेने नाचून ती संपूर्ण उलगडायची असते. एखाद्याने एक वळण चुकवले, तरी गोफ सुटत नाही आणि चूक कोठे झाली ते सर्वांना डोळ्यांनी दिसते. रोमन फरशीचा गोफाशी काही ऐतिहासिक संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण तुमच्या मुलांची वेणी जमिनीवर अदृश्य राहते, म्हणून ती जमली की नाही हे त्यांना कसे समजणार? निदान एका तासिकेपुरत्या दोऱ्या वापरून पाहाव्यात. इंग्लंडच्या शाळांत मे महिन्यात खांबाला फिती बांधून नाचतात ना? त्या फिती शाळेच्या कपाटात असतीलच.

---

निळावंती

फिती आहेत! ही सूचना मी तशीच उचलते. उलगडण्याचा भाग मला सुचलाच नव्हता, आणि मूल्यमापनाचा अर्धा प्रश्न त्यातच सुटतो.

---

थेम्सकाठ

माझा मुलगा लंडनमध्ये याच वयाच्या वर्गात आहे, म्हणून पालक या नात्याने लिहितो. ग्लॅडिएटर वगळल्याबद्दल आभार. पण मग उरते ते फारच गोजिरवाणे रोम होईल, अशी मला भीती वाटते. शिस्तबद्ध सैनिक, सुंदर फरश्या, गरम पाण्याची स्नानगृहे. ज्या देशावर हे सैन्य चालून आले, त्या देशातील लोकांचे काय? आणि स्नानगृहात पाणी कोण तापवत होते? मुलाच्या वहीत रोमन लोकांनी ब्रिटनला काय काय दिले याची लांबलचक यादी आहे. काय घेतले याची नाही. आमच्या घरी रेल्वे आणि टपाल यांची अशीच यादी ऐकत मोठी झालेली माणसे आहेत, त्यामुळे ती यादी वाचताना आमचे कान जरा टवकारतात.

---

निळावंती

पाणी कोण तापवत होते, हाच प्रश्न माझ्या स्नानगृहाच्या नृत्याचा कणा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

रोमन स्नानगृहात माणूस दालनांच्या क्रमाने जात असे: कपडे उतरवण्याची खोली, कोमट दालन, उष्ण दालन आणि शेवटी गार पाण्याचे कुंड. अंगाला तेल चोळून ते वाकड्या धातूच्या पट्टीने मळासकट खरवडून काढत. नृत्यासाठी यातील प्रत्येक गोष्ट उपयोगी पडते. कोमट दालनात सांधे सैल होतात, उष्ण दालनात मुले मेणासारखी हळूहळू खाली येतात, आणि गार कुंडात एका क्षणात सगळे अंग आकसून उडी. पट्टीची हालचाल जोडीने होते: एकाचा हात दुसऱ्याच्या खांद्यापासून मनगटापर्यंत स्पर्श न करता वळण घेत जातो आणि दुसऱ्याने तेवढाच अवयव त्या वळणाला प्रतिसाद म्हणून हलवायचा.

आता खालचा मजला. फरशी विटांच्या ठेंगण्या खांबांवर उचललेली असे. बाहेरच्या भट्टीतील गरम हवा त्या पोकळीतून आणि भिंतींमधील नळ्यांतून फिरे. बाथ येथे जमिनीतूनच सुमारे ४६ अंश सेल्सिअसचे पाणी रोज दहा लाख लिटरहून अधिक येते, पण तसे नशीब सगळ्या गावांचे नव्हते; इतरत्र लाकूड तोडून, वाहून, भट्टीत सारावे लागे, आणि हे काम बऱ्याच ठिकाणी गुलामांकडे असे. मी वर्गाचे दोन भाग करते. अर्धी मुले वर न्हातात, अर्धी भट्टीवर राबतात. एकच ठेका दोघांना, पण वरच्यांची हालचाल लांब आणि वितळणारी, खालच्यांची जड आणि तुटक: वाकणे, उचलणे, सारणे, तोंड फिरवणे. नियम एवढाच की भट्टीवरच्यांनी काम थांबवले की वरच्यांना थंडी वाजू लागली पाहिजे. मग जागा बदलायच्या. जागा बदलल्यावर काही मुलांनी विचारले की खऱ्या आयुष्यात अशी अदलाबदल होत असे का. काहींना मालक मुक्त करत, अनेकांना कधीच नाही, असे मी उत्तर दिले. या वयात एवढे उत्तर मुलांना पेलते असा माझा अनुभव आहे.

बुडिकाच्या बाबतीत मात्र मी अजून अडखळते. तिला फटके मारण्यात आले, तिच्या मुलींवर अत्याचार झाला. ही कारणे टाळून बंड दाखवले, तर ते निव्वळ चिडलेल्या राणीचे होते, आणि सांगावीत तर वय नाही.

---

जुनी नाणी

बुडिकाविषयी एक सुचवतो. कारण म्हणून जमिनी आणि मालमत्ता बळकावल्याचा भाग पुरेसा आहे. रोमन इतिहासकार टॅसिटस याच्या वृत्तांतात तोही स्पष्ट आहे: नवऱ्याने मृत्युपत्रात सम्राटाला आपल्या मुलींबरोबर वारस नेमले होते, तरी सगळे राज्यच लुटले गेले. इ.स. ६० किंवा ६१मध्ये आजचे कोल्चेस्टर, लंडन आणि सेंट ऑल्बन्स जाळले गेले. नृत्यात जाळपोळ दाखवण्याऐवजी जागा दाखवावी. सुरुवातीला सभागृहभर मोकळेपणाने, वळणावळणाने फिरणारी मुले आणि हळूहळू आत सरकणाऱ्या सरळ रांगा. कोणी कोणाला हात लावत नाही, फक्त फिरायला जागा कमी होत जाते. शेवटच्या लढाईत ब्रिटन लोकांच्या मागे त्यांच्याच कुटुंबांच्या गाड्या उभ्या होत्या आणि त्यामुळे त्यांना माघार घेता आली नाही, असे टॅसिटस लिहितो. बाकांची एक रांग मागे ठेवली की हे मुलांना कळेल. एक सावधगिरी बाळगावी. ब्रिटन लोकांचा जमाव अस्ताव्यस्त आणि रोमन शिस्तबद्ध, हे चित्र रोमन लेखकांचे आहे, आणि टॅसिटसचा सासरा अॅग्रिकोला त्या काळात ब्रिटनमधील रोमन सैन्यात होता. म्हणून मोकळेपणाने फिरणाऱ्या मुलांची हालचाल गोंधळाची नको, तीही तितकीच ठरवून बसवलेली हवी.

आता वेगळा मुद्दा. आपल्या बाजूने रोमकडे पाहायचे असेल, तर खरा दुवा आहे. उत्तर इंग्लंडमधील हेड्रियनच्या भिंतीजवळच्या विंडोलांडा या रोमन छावणीच्या जागी १९७३पासून लाकडाच्या पातळ पट्ट्यांवर शाईने लिहिलेली पत्रे आणि हिशेब सापडत आले आहेत. त्यांतील एका हिशेबात मिरीची खरेदी नोंदलेली आहे. काळी मिरी म्हणजे मलबारचे पीक. मान्सूनच्या वाऱ्यावर जहाज केरळच्या किनाऱ्यावरील मुझिरिसहून तांबड्या समुद्रात, इजिप्तच्या बेरेनिके बंदरातून उंटांवर वाळवंट ओलांडून नाईलकाठी, नदीतून अलेक्झांड्रिया, तिथून इटली आणि पुढे ब्रिटनची उत्तर सीमा. बेरेनिके येथील देवळात भारतीय बनावटीच्या रांजणात साडेसात किलो मिरी मिळाली आहे. मुले एका ओळीत उभी राहून एकच हालचाल पुढे देत नेतात आणि प्रत्येक टप्प्यावर तिचा पोत बदलतो: लाटेवर ती झुलते, उंटावर हेलकावते, नाईलमध्ये संथ वाहते, सैनिकाच्या हाती पोहोचेपर्यंत चिमूटभर उरते.

---

करवीरकर

वरील यादीत कोल्हापूरही घालावे. ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती आमच्या टाउन हॉल संग्रहालयात आहे. तळहातावर मावेल एवढ्या मूर्तीची उभे राहण्याची ढब पाहण्यासारखी आहे: सारा भार एका पायावर, दुसरा गुडघा सैल. तिचे छायाचित्र वर्गात लावले, तर पुतळ्यासारखे उभे राहणे म्हणजे ताठ उभे राहणे नव्हे, हे मुलांना सांगावे लागणार नाही. पेरिप्लस या पहिल्या शतकातील व्यापारी वृत्तांतात पैठण आणि तेर यांची नावे आहेत हे अनेकांना माहीत असते. त्याच वृत्तांतात भडोचच्या राजासाठी आणल्या जाणाऱ्या मौल्यवान वस्तूंच्या यादीत गाणारी मुलेही आहेत. थेम्सकाठ यांच्या मुद्द्याला जोडून एवढे नोंदवतो.

---

खडूफळा

संगीताचा प्रश्न मागेच राहिला. ताई, तुम्ही शेवटी काय वापरता?

---

निळावंती

सर, ध्वनिमुद्रित संगीत मी जवळजवळ वापरत नाही. रोमन सैन्याची वाद्ये मुख्यतः धातूची कर्णे होती. त्यांचे सूर लिहिलेले मिळत नाहीत, म्हणून जे 'रोमन' म्हणून विकले जाते, ते आजच्या संगीतकाराचे असते. मूकनर्तनाच्या वेळी मात्र वादक पायाने ठेका देत: तळव्याखाली बिजागरीने जोडलेल्या दोन फळ्या, टाच दाबली की टक्. शाळेतील सुतारकामाच्या तासाला मुलांनी तशा फळ्या केल्या आणि दर तासिकेला दोन मुले ठेकेकरी होतात. सालिआय पुरोहितांच्या तीन ठोक्यांना हाच आवाज पुरतो. स्नानगृहाला ठेकासुद्धा नको वाटल्यास भट्टीवरच्यांचा श्वास ऐकू येतो, तेवढ्यावर वरचे न्हाऊ शकतात. मुले अनवाणीच नाचतात; खिळे मारलेल्या रोमन चपलांचा आवाज त्यांना फार हवा असतो, पण सभागृहाच्या लाकडी जमिनीमुळे आमचे मुख्याध्यापक त्याला परवानगी देणार नाहीत.

क्रम आता असा ठरवते: चाल, व्यूह, फितींची वेणी, भट्टी आणि स्नान, शेवटी मिरीचा प्रवास. बुडिका यंदा घेईन, पण पालकांसमोर सादर करणार नाही. ती वर्गातच राहील. मुखवटे पुढच्या वर्षी, कारण ते करायलाच अर्धे सत्र जाईल.

---

थेम्सकाठ

भट्टीवरची मुले प्रेक्षकांच्या बाजूला, पुढे ठेवा, मागे नको. एवढीच पालकाची विनंती.

आणि सहलीसाठी एक उपयुक्त माहिती. रोममधील इ.स. ११३च्या, युद्धप्रसंग कोरलेल्या ट्राजनच्या स्तंभाची प्लास्टरची पूर्णाकृती प्रतिकृती लंडनच्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियममध्ये आहे. उंची दालनात मावत नाही म्हणून ती दोन तुकड्यांत उभी केली आहे, आणि त्यामुळे रोममध्ये मान मोडूनही न दिसणारे वरचे प्रसंग येथे बरेच जवळून पाहता येतात. कासवाचा व्यूह तीत कोरलेला आहे. म्युझियमला प्रवेश विनामूल्य आहे, मात्र शाळेच्या गटाने आधी वेळ ठरवून घ्यावी लागते. मुलांना तिथे प्रश्नपत्रिका देण्यापेक्षा प्रत्येक तंबूला एकेक सैनिक नेमून द्यावा आणि त्याचा भार कोणत्या पायावर आहे, हे शाळेत परतल्यावर करून दाखवायला सांगावे.